वर्डमधला मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की कडवी, परिच्छेद आणि अक्षरं का विस्कटतात?

नीरजा_वाई

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाचा वार्षिक अंक यंदा कागदासोबत संकेतस्थळावरही द्यायचं ठरलं आहे आणि लेख चढवायचं काम माझ्याकडे आलं आहे. संकेतस्थळ एका ओळखीच्या मुलाने बांधून दिलंय. त्यातला एडिटर साधा आहे. ठळक, तिरपं, शीर्षक, यादी, दुवा एवढी बटणं आणि आतलं एचटीएमएल बघायचं एक बटण.

साहित्य मात्र चारी दिशांनी येतं. कुणी वर्डची फाइल पाठवतं, कुणी गूगल डॉक्सचा दुवा देतं, बरेच जण व्हॉट्सॲपवरच मजकूर टाकतात, आणि काही ज्येष्ठ लेखक ओळखीच्या छापखान्यातून डीटीपी करून आणतात. कॉपी-पेस्ट केलं की प्रत्येकाचं वेगळंच काहीतरी होतं. कवितेच्या प्रत्येक ओळीनंतर इतकी जागा सुटते की कडवं कुठे संपलं ते कळत नाही. कवीने मुद्दाम आत सरकवलेली ओळ डाव्या कडेला येऊन चिकटते. एक कथा अथपासून इतिपर्यंत ठळक झाली. एका लेखात तर परिच्छेदागणिक अक्षराचा आकार बदलतो.

'साधा मजकूर' म्हणून पेस्ट केलं की सगळं स्वच्छ होतं खरं, पण मग लेखकाने ठळक केलेले शब्द, उपशीर्षकं, तळटिपांचे आकडे हेही जातात. लेखकाने विचारपूर्वक केलेली मांडणी वाचकापर्यंत पोचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. हे काम नेहमी करणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा. मला कोडिंग येत नाही, पण नीट सांगितलंत तर एचटीएमएलच्या खिडकीत हात घालायची तयारी आहे.

टंकमित्र

नीरजाताई, आधी 'कॉपी' म्हटल्यावर संगणकात काय होतं ते सांगतो. ते कळलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

वर्डमधून कॉपी करता तेव्हा क्लिपबोर्डवर तोच मजकूर एकाच वेळी अनेक रूपांत ठेवला जातो. एक रूप नुसत्या अक्षरांचं, एक आरटीएफचं (मांडणीसकट मजकूर साठवायची एक जुनी पद्धत), एक एचटीएमएलचं, म्हणजे संकेतस्थळाची पानं ज्यात लिहितात त्या खुणांचं. पेस्ट करताना समोरचा प्रोग्राम त्यातलं आपल्याला चालेल ते उचलतो. नोटपॅड नुसती अक्षरं उचलतं. ब्राउझरमधला एडिटर सहसा एचटीएमएल उचलतो. आणि वर्डने दिलेलं एचटीएमएल हे वर्डलाच परत वाचता यावं अशा बेताने लिहिलेलं असतं. प्रत्येक परिच्छेदावर 'एमएसओनॉर्मल' असा शिक्का, 'एमएसओ'ने सुरू होणाऱ्या ढीगभर शैली, आणि देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याभोवती फॉन्टचं नि भाषेचं नाव. देवनागरीचा फॉन्ट वर्ड रोमन अक्षरांपेक्षा वेगळा नोंदवतं. त्यामुळे वाक्यात एखादा इंग्रजी शब्द आला तरी वाक्याचे तीन तुकडे पडतात आणि प्रत्येकाला आपापली वेष्टनं लागतात.

इकडे संकेतस्थळाचा एडिटर हे सगळं आत येऊ देत नाही. त्याच्याकडे परवानगी असलेल्या टॅगांची, म्हणजे एचटीएमएलमधल्या खुणांची, यादी असते, बाकीचे तो गाळतो. हे सुरक्षिततेसाठीही लागतं, कारण बाहेरून आलेल्या एचटीएमएलमध्ये घातक स्क्रिप्ट दडवता येते. कोण किती गाळतं हे प्रत्येक एडिटरचं वेगळं. अर्धं गाळलेलं आणि अर्धं उरलेलं असं जे मिश्रण राहतं, तेच तुम्हाला परिच्छेदागणिक बदलणाऱ्या आकाराच्या रूपात दिसतंय.

म्हणून 'जसंच्या तसं' या मागे लागू नका. त्याऐवजी प्रत्येक लेखाबाबत ठरवा की यातलं काय राहायलाच हवं. माझ्या मते परिच्छेद, कवितेच्या ओळी, कडव्यांमधली मोकळी जागा, आत सरकवलेली ओळ, उपशीर्षकं, याद्या, ठळक शब्द आणि तळटिपा हा सगळा मजकुराचाच भाग आहे. लेखकाने त्यातून काहीतरी सांगितलेलं असतं. फॉन्ट, अक्षराचा आकार, रंग, दोन ओळींमधलं अंतर हे त्या कागदापुरतं होतं, ते संकेतस्थळाने ठरवावं. पहिल्या गटातलं जिवापाड जपा, दुसऱ्यातलं बिनदिक्कत सोडून द्या.

जास्वंद

टंकमित्र यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

नीरजाताई, अख्खी ठळक झालेली ती कथा गूगल डॉक्समधून आली असणार. डॉक्समधून कॉपी केलं की सगळ्या मजकुराभोवती एक 'बी' टॅग येतो. बी म्हणजे ठळक. पण त्याच टॅगवर 'जाडी सामान्य ठेवा' अशी शैली लिहिलेली असते, म्हणून डॉक्समध्ये आणि सरळ चिकटवल्यावर अक्षर साधंच दिसतं. तुमचा एडिटर शैली गाळतो आणि टॅग ठेवतो. मग उरतो नुसता बी.

सगळं निवडून ठळकचं बटण बंद केलंत तर लेखकाने खरोखर ठळक केलेले शब्दही साधे होतील. त्यापेक्षा एचटीएमएलच्या खिडकीत अगदी पहिला बी टॅग शोधा. बऱ्याचदा त्यावर 'डॉक्स-इंटर्नल-जीयूआयडी'ने सुरू होणारी ओळखखूण असते. तो आणि सर्वांत शेवटचा बंद करणारा बी टॅग, एवढे दोनच काढा. आतले राहू द्या.

अनेक एडिटर हा टॅग स्वतःच ओळखून काढतात, पण सगळे नाही.

नीरजा_वाई

जास्वंद, सापडला! अगदी पहिल्याच ओळीत होता. दोन्ही टोकं काढली आणि कथा जागेवर आली, ठळक शब्दही शाबूत आहेत. आता कवितांचं सांगा कुणीतरी. अंकात कविताच जास्त आहेत.

ओवीअभंग

कवितांचं मी सांगते. कित्येक वर्षं हेच करतेय आणि माझ्या मते संकेतस्थळांवर सगळ्यांत जास्त अन्याय कवितेवरच होतो. गद्याचा परिच्छेद थोडा पुढे-मागे झाला तर वाचक सांभाळून घेतो. कवितेची ओळ चुकीच्या जागी तुटली तर लय जाते, यमक मध्येच अडकतं, आणि वाचकाला वाटतं की कवीनेच असं लिहिलंय.

दोन गोष्टी एचटीएमएलच्या स्वभावातच आहेत. पहिली, मूळ मजकुरात तुम्ही एंटर मारून नवी ओळ केलीत तरी ब्राउझर तिला एक साधी मोकळी जागा समजतो. दुसरी, सलग कितीही स्पेस दिल्या तरी तो एकच दाखवतो. म्हणजे मी असं लिहिलं:

पहाटंच्या पारी बाई जातं घुमू लागे
ओठातली ओवी माझी माहेराला जागे

आणि त्यात ओळ तोडायचा टॅग नसला, तर वाचकाला दिसेल ते असं:

पहाटंच्या पारी बाई जातं घुमू लागे ओठातली ओवी माझी माहेराला जागे

आता वर्डमधल्या कवितेचं उलट का होतं ते बघा. वर्डमध्ये एंटर म्हणजे नवा परिच्छेद आणि शिफ्ट धरून एंटर म्हणजे त्याच परिच्छेदात नवी ओळ. बहुतेक कवी प्रत्येक ओळीला एंटर मारतात. त्यामुळे प्रत्येक ओळ हा एक स्वतंत्र परिच्छेद होतो आणि संकेतस्थळ इमानाने प्रत्येक परिच्छेदाखाली जागा सोडतं. कडव्यांमधली जागा आणि ओळींमधली जागा सारखी दिसते ती यामुळे.

हे वर्डमध्येच दुरुस्त करून मग कॉपी करा. शोधा-आणि-बदलाची चौकट उघडा. परिच्छेदाच्या खुणेसाठी वर्डमध्ये ^पी आणि साध्या ओळतोडीसाठी ^एल लिहितात (पी आणि एल ही अक्षरं इंग्रजी लिपीत, लहान). आधी लागोपाठ दोन ^पी जिथे आहेत तिथे मजकुरात कुठेही नसलेली एखादी खूण टाका, म्हणजे @@ वगैरे. ही कडव्यांची जागा झाली. मग उरलेले सगळे ^पी बदलून ^एल करा. शेवटी @@ च्या जागी पुन्हा ^पी आणा. आता कडवं हा एक परिच्छेद आणि त्याच्या आत ओळी अशी खरी रचना तयार झाली. हीच कॉपी केली की संकेतस्थळावर प्रत्येक कडवं एका पी (परिच्छेदाच्या) टॅगमध्ये आणि प्रत्येक ओळीशेवटी बीआर (ओळ तोडायचा) टॅग असं येतं. कवितांच्या फाइलवरच हे करा. त्याच फाइलमध्ये गद्य असेल तर आधी फक्त कविता निवडून घ्या, नाहीतर गद्याचे परिच्छेदही जोडले जातील.

आत सरकवलेल्या ओळींसाठी स्पेसबारचा उपयोग नाही. सोपा मार्ग हा, की संकेतस्थळ बांधणाऱ्या मुलाला कवितेसाठी एक वेगळी शैली करून मागा, जिच्यात 'व्हाइट-स्पेस' हा गुण 'प्री-रॅप' असा ठेवलेला असेल. मग त्या चौकटीत स्पेस आणि एंटर जसे दिलेत तसेच दिसतात, बीआरचीही गरज उरत नाही. वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये तर पद्यासाठी 'व्हर्स' नावाचा ब्लॉकच आहे. हा एडिटर २०१८ च्या डिसेंबरमध्ये वर्डप्रेस ५.० सोबत आला. त्यात साधा मजकूर चिकटवला तरी ओळी आणि स्पेस टिकतात.

मुद्रितशोधक

छापखान्यातून आलेल्या फायलींबद्दल एक फार महत्त्वाचं राहतंय. वर टंकमित्र यांनी फॉन्ट सोडून द्या म्हटलं आहे. ते युनिकोड मजकुरालाच लागू आहे, म्हणजे ज्यात प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत असतो त्या मजकुराला. डीटीपीच्या जुन्या फायली श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सीडॅकचे डीव्हीबी-टीटी वगैरे फॉन्टांत असतात. त्या फाइलमध्ये 'क' म्हणून काही साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. कुठे अर्धं अक्षर, कुठे काना, कुठे रफार. इथे फॉन्ट हाच मजकूर आहे. साधा मजकूर म्हणून चिकटवलात की उरते ती अगम्य रोमन अक्षरांची रांग. आणि फॉन्टासकट चिकटवलात तर ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्याला तसंच अगम्य दिसेल, मोबाइलवर तर नक्कीच. शोधयंत्रांनाही त्यातला एक शब्द सापडणार नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फॉन्टचं नेमकं नाव पाहा, कारण प्रत्येक कुटुंबाची संकेतांची मांडणी वेगळी असते आणि परिवर्तकाला ती अचूक सांगावी लागते. मग युनिकोडमध्ये परिवर्तन. मग ओळ न ओळ वाचन, मूळ छापील प्रत शेजारी ठेवून. लेखात मध्येच खरे इंग्रजी शब्द असतील तर परिवर्तक त्यांनाही देवनागरीचे संकेत समजून भलतंच काहीतरी करतो, ते शब्द आधीच टिपून ठेवा. परिवर्तनात ठळक-तिरपं बहुधा जातं, ते छापील प्रतीवरून परत लावा. यात वेळ जातो, पण मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला की तो पुढे कायमचा वापरता येतो, शोधता येतो, पुन्हा छापता येतो.

आणि या फायलींच्या पीडीएफमधून कॉपी करायचा मोह टाळा. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं पानावर कुठे बसवायची एवढंच नीट लिहिलेलं असतं. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून कॉपी केल्यावरही ती अक्षराच्या आधी येऊन बसते आणि टिंबांच्या वर्तुळावर लटकते. जोडाक्षरं सुटतात. शिवाय पानावरची प्रत्येक ओळ जिथे संपली तिथे सक्तीची नवी ओळ येते, आणि परिच्छेद कुठे संपला ते शोधत बसावं लागतं.

सदाशिव_पाटण

व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुराबद्दल माझा अनुभव सांगतो, आमच्या पतसंस्थेच्या स्मरणिकेचं काम मी बघतो. व्हॉट्सॲपमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारांकन दिलं की ठळक होतो, अधोरेघ दिली की तिरपा. कॉपी केल्यावर ती तारांकनं मजकुरात तशीच येतात. ती सरसकट पुसू नका, लेखकाला कुठे भर द्यायचा होता हे त्यावरूनच कळतं. आधी त्या जागा ठळक करून घ्या, मग पुसा. एडिटर मार्कडाउन (साध्या मजकुरातच चिन्हं टाकून मांडणी सांगायची पद्धत) चालवणारा असेल तर आणखी एक काळजी. मार्कडाउनमध्ये एका तारांकनाचा अर्थ तिरपं, दोन तारांकनांचा ठळक. म्हणजे व्हॉट्सॲपचं ठळक तिथे तिरपं होतं.

एकदम बरेच संदेश निवडून कॉपी केले तर प्रत्येकाच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव येतं. तेही काढायला लागतं, कुणाचा नंबरही त्यात असू शकतो.

एक कोडं मात्र मला सुटलेलं नाही. एका संकेतस्थळावर लेख चढवला की हात जोडलेल्या इमोजीपाशी लेखच तुटायचा. त्यापुढचं सगळं गायब. पेस्ट करताना दिसायचं, जतन केलं की जायचं. कारण काय असेल?

टंकमित्र

सदाशिवराव, ते एडिटरचं काम नाही, मागच्या डेटाबेसचं आहे. मायएसक्यूएलमधली 'यूटीएफ८' नावाची जुनी रचना एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देते. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइटांतच बसतं, म्हणून मराठी मजकूर वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतो आणि कुणाला शंका येत नाही. इमोजीला ४ बाइट लागतात. डेटाबेस सैल नियमांवर चालत असेल तर तो त्या जागी मजकूर तोडून पुढचं टाकून देतो. उपाय म्हणजे तक्ता 'यूटीएफ८एमबी४' या रचनेत नेणं. ती २०१० पासून उपलब्ध आहे. तोवर जतन करण्याआधी इमोजी काढा, आणि जतन केल्यावर लेखाचं शेवटचं वाक्य आहे ना ते नेहमी बघा.

परदेशस्थ

आम्ही इकडे अमेरिकेत मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढतो, बरेच जण मॅकवर असतात, म्हणून कळांची भर घालतो. विंडोजवर क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने साधा मजकूर चिकटतो. मॅकवर क्रोममध्ये कमांड-शिफ्ट-व्ही. सफारीत ऑप्शन-शिफ्ट-कमांड-व्ही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मला साधा मजकूर हा सरसकट उपाय पटत नाही. आमच्याकडे येणारे वैचारिक लेख लांब असतात, त्यात खूप ठळक शब्द आणि तळटिपा असतात. सगळं उतरवून पुन्हा हाताने चढवताना काहीतरी सुटतंच. त्यासाठी आम्ही कॉपी करण्याआधी वर्डमध्येच खुणा उमटवून घेतो. शोधा-आणि-बदलाच्या चौकटीत 'शोधा'ची जागा रिकामी ठेवून फॉरमॅटमधून ठळक निवडायचं आणि 'बदला'मध्ये **^&** लिहायचं. ^& म्हणजे 'जे सापडलं तेच'. एका फटक्यात प्रत्येक ठळक तुकड्याभोवती दोन-दोन तारांकनं येतात. आता साधा मजकूर केला तरी खुणा टिकतात. मग संकेतस्थळावर त्या खुणांच्या जागी ठळक लावायचं, किंवा एडिटरला मार्कडाउन कळत असेल तर तो स्वतःच लावतो. सगळे ठळक शब्द सापडले ना, हे मूळ फाइलशी एकदा ताडून घ्यावं.

गूगल डॉक्समध्ये तर २०२४ पासून मार्कडाउन म्हणून कॉपी करायची सोय आहे. प्राधान्यांमध्ये ती सुरू करावी लागते.

ओवीअभंग

परदेशस्थ, ही युक्ती उत्तम आहे. गद्यासाठी मीही आता हेच करेन. कवितेत मात्र मार्कडाउन जपून वापरा. तिथे साधा एंटर नवी ओळ करत नाही, ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्याव्या लागतात. आणि कडव्याच्या पहिल्याच ओळीच्या सुरुवातीला चार स्पेस दिल्या तर तो त्या ओळीला संगणकाचा कोड समजतो.

तिरप्या अक्षरांबद्दलही सांगायचंय. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांना स्वतःचं तिरपं वळण नसतं. ब्राउझर सरळ अक्षरच कलतं करून दाखवतो, त्यात मात्रा आणि रफार शेजारच्या अक्षरावर झुकतात. लहान पडद्यावर वाचायला त्रास होतो. मी लेखकाला विचारून तिरप्याच्या जागी अवतरणचिन्हं किंवा ठळक करते. रोमन लिपीतली पद्धत आपल्या लिपीवर लादायचं कारण नाही.

टंकमित्र

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. मांडणी बिघडली तर दिसते. हे बिघडलेलं पटकन दिसत नाही.

मराठीत आपण दऱ्या आणि दर्या वेगळे लिहितो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यास आणि आचार्यास यांचंही तेच. पहिल्या शब्दांतला तो आडवा छोटा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त करून पुढे य. दोन, साधा र, हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि मग य. दोन्ही प्रकार पडद्यावर अगदी सारखे दिसतात. कोणतं होतं ते तुमच्या टंकन-साधनावर अवलंबून असतं.

आता पेस्ट केलेला मजकूर स्वच्छ करणारी बरीच साधनं 'न दिसणारी चिन्हं' सरसकट पुसतात. युनिकोडमधला २००बी ते २००डी हा पट्टाच्या पट्टा काढून टाका, असा नियम प्रोग्रामर मंडळी एकमेकांचा पाहून वापरतात. त्यातलं २००बी काढायला हरकत नाही, इंग्रजीत बाकीच्या दोन्हींचंही फारसं काम नसतं. पण २००डी हाच आपला जॉइनर आहे. तो गेला की दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या होतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'करणाऱ्या'चं 'करणार्या'. वाचकाला वाटतं लेखकाला शुद्धलेखन येत नाही.

म्हणून चढवण्याआधी मूळ मजकुरात दुसऱ्या प्रकारचे सगळे र पहिल्या प्रकारचे करून घ्या. शोधा-बदलाने होतं. 'र, हलन्त, जॉइनर' एवढा तुकडा एखाद्या शब्दातून निवडता येत नाही, म्हणून सोपी पद्धत म्हणजे 'र्‍य' आणि 'र्‍ह' ही जोडाक्षरं मजकुरातूनच कॉपी करून 'शोधा'मध्ये टाकायची आणि 'बदला'मध्ये ऱ वापरून टंकलेलं 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' ठेवायचं. पहिल्या प्रकारात न दिसणारं काहीच नाही, त्यामुळे कुठलंही स्वच्छतेचं साधन त्याला धक्का लावत नाही.

जाता जाता, ॲ चंही बघा. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फायलींत अ वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं. दिसायला सारखं, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. वाचनालयाच्या संकेतस्थळावर 'ॲटलस' शोधलं तर जुन्या पद्धतीने लिहिलेला सापडणार नाही.

नीरजा_वाई

टंकमित्र, आत्ताच चढवलेल्या लेखांत 'र्या' शोधून पाहिलं. एका लेखात 'येणार्या', 'सातार्याच्या' असं जागोजागी निघालं, आणि लेखिकेने पाठवलेल्या फाइलमध्ये ते बरोबर आहे. म्हणजे आमच्या एडिटरमध्येही तो नियम असणार. त्या मुलाला कळवते आहे.

कानसेन

नमस्कार. मी दृष्टिहीन आहे, संगणकावर एनव्हीडीए हा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो आणि मराठी लेख आवडीने ऐकतो. माझ्याकडून दोन विनंत्या.

उपशीर्षकं खरी शीर्षकं म्हणून लावा. नुसतं अक्षर मोठं आणि ठळक केलेलं माझ्या वाचकाला साधा परिच्छेदच वाटतो. खरं शीर्षक असेल तर एच ही एक कळ दाबून मी एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. लांब लेखात हवी ती जागा शोधायला मला दुसरा सोयीचा मार्ग नाही. लेखकांनी वर्डमध्येच 'हेडिंग १', 'हेडिंग २' या शैली वापरल्या तर ती चिकटवल्यावरही शीर्षकं म्हणूनच येतात, तुमचंही काम कमी होईल.

दुसरं, भाषेची खूण. वर्डमध्ये हिंदी कळफलकाने टंकलं तर मजकुरावर हिंदीची खूण बसते आणि ती कधीकधी तुमच्या पानापर्यंत येते. पडदावाचक त्या खुणेवरून आवाज निवडतो. मराठी कथा हिंदी आवाजात, हिंदी उच्चारांत ऐकावी लागते. 'च' आणि 'ज' यांचे आपले उच्चार त्या आवाजात सापडत नाहीत.

टंकमित्र

कानसेन, हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. नीरजाताई, एचटीएमएलच्या खिडकीत 'लँग' या शब्दापुढे 'एचआय' दिसलं तर ते हिंदी. ते काढा. संपूर्ण पानाची भाषा 'एमआर' म्हणून एकदाच वर घोषित असली की पुरे. याचा डोळ्यांनी वाचणाऱ्यांनाही फायदा आहे. काही फॉन्टांमध्ये ल आणि श ची मराठी वळणं वेगळी दिलेली असतात, आणि पानावर मराठीची खूण असेल तरच ती दिसतात.

मुद्रितशोधक

तळटिपा आणि चित्रांबद्दल थोडक्यात. वर्डमधली चित्रं मजकुरासोबत चिकटवू नका. बऱ्याचदा पानात चित्राऐवजी तुमच्या संगणकावरच्या एका तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता जातो. तुम्हाला चित्र दिसतं, इतरांना रिकामी चौकट. चित्र वेगळं चढवा. तळटिपांच्या आकड्यांमागेही कधीकधी तसाच सी-ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता असतो, त्यात संगणक वापरणाऱ्याचं नावही उघडं पडतं. प्रत्येक आकड्यावर माउस नेऊन खाली कोणता दुवा दिसतो ते पाहा. अंकाचे दोन लेख एकाच पानावर असतील तर दोघांच्याही पहिल्या टिपेची अंतर्गत ओळखखूण तीच असते, आणि दुसऱ्या लेखाचा आकडा पहिल्या लेखाच्या टिपेवर नेतो.

वर्डच्या याद्यांचंही तपासा. कधी त्या खऱ्या याद्या म्हणून येतच नाहीत, ओळीच्या सुरुवातीला एक टिंब आणि पुढे बऱ्याच न तुटणाऱ्या स्पेस एवढंच येतं. तसं असेल तर टिंबं पुसून एडिटरच्या बटणाने यादी लावा.

नीरजा_वाई

ओवीअभंग, तुमच्या पद्धतीने कविता संगणकावर सुरेख दिसताहेत, कडवी अगदी कवीने दिली तशी. पण मोबाइलवर लांब ओळ मावत नाही, ती दोन ओळींत मोडते आणि एका ओळीच्या दोन ओळी आहेत असं वाटतं. मुक्तछंदात तर काहीच कळत नाही. यावर काही करता येतं का?

ओवीअभंग

येतं. छापील संग्रहात लांब ओळ मावली नाही की उरलेला भाग खालच्या ओळीत बराच आत घेऊन छापतात, म्हणजे तो आधीच्याच ओळीचा आहे हे डोळ्यांना कळतं. तेच इथे करायचं. ओळीला डावीकडून २ ईएम (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) 'पॅडिंग', म्हणजे मोकळी जागा, आणि 'टेक्स्ट-इंडेंट', म्हणजे पहिल्या ओळीचं सरकणं, उणे २ ईएम. ओळ कडेपासून सुरू होते आणि मोडलेला भाग दोन अक्षरं आत जातो.

फक्त एक लक्षात घ्या. टेक्स्ट-इंडेंट परिच्छेदाच्या पहिल्या ओळीलाच लागतो, बीआरनंतरच्या ओळींना नाही. म्हणून यासाठी प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद हवी आणि त्या परिच्छेदांखालची जागा शून्य हवी. म्हणजे लांब ओळींच्या कवितांसाठी कवीने वर्डमध्ये प्रत्येक ओळीला एंटर मारलेली मूळ फाइलच जास्त सोयीची, ^पी-^एलची अदलाबदल करू नका. प्रत्येक कडव्याभोवती एक 'डिव्ह' (मजकूर एकत्र बांधणारा टॅग) घाला आणि जागा त्या डिव्हखाली सोडा. कवीने मुद्दाम आत घेतलेल्या ओळीसाठी वेगळी शैली करा आणि तिचं पॅडिंग ५ ईएम ठेवा, नाहीतर मोडलेला भाग आणि आत घेतलेली ओळ यांत फरक दिसणार नाही. छोट्या ओळींच्या ओव्या-अभंगांना यातलं काही लागत नाही, त्यांना प्री-रॅपच ठेवा.

तुमच्या त्या मुलाला हा प्रतिसाद तसाच पाठवा. शैली तयार झाल्या की आधी मुक्तछंदातली सर्वांत लांब ओळींची कविता चढवून साध्या, लहान पडद्याच्या फोनवर उघडून बघा.